तीन नंबरची बिअर पास झाली

आमच्या सूनबाईंनी औषधांच्या कारखान्यातली प्रयोगशाळेची नोकरी सोडून बिअर करायला घेतली, तेव्हा नातेवाइकांत जी शांतता पसरली तशी शांतता मी आयुष्यात फक्त गणिताचा पेपर वाटल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात अनुभवली आहे. सोडली म्हणजे अगदी सोडली नव्हे. कारखान्याने तिला वर्षभराची बिनपगारी रजा दिली होती. ‘करून बघ, नाही जमलं तर परत ये,’ असं तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, आणि ते इतक्या मायेने सांगितलं होतं की नाही जमणार याची त्यांना पुरती खात्री असावी.

बस डेपोच्या मागे बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता. जाड भिंती, आत बारा महिने गारवा, आणि भाडं भरायला तयार होणारं दुसरं कोणीच नाही. तिथे सूनबाईंनी संसार मांडला. भिजवून, मोड आणून, वाळवलेल्या जवाची पोती आली, भांडी आली, नळ्या आल्या. पहिल्या खेपेतल्या एका बाटलीचं बूच उडालं ते छताचा पत्रा फोडून वर गेलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून खाली आलेलं नाही. आमची ही म्हणते की पत्र्याला ते भोक आधीपासून होतं. तिला गोष्ट सांगता येत नाही, त्याला मी काय करणार.

तर रजेचं वर्ष संपत आलं तेव्हा सूनबाईंकडे छोट्या भांड्यांत केलेल्या चार प्रकारच्या बिअरी होत्या आणि मोठी टाकी एकच होती. दूध डेअरीने मोडीत काढलेली, पोटाळू आणि रुबाबदार. चौकातल्या हॉटेलवाल्याने तिला शब्द दिला होता: पहिली टाकी मी घेतो, पण एकाच प्रकारची. लोक प्यायले तर पुढची घेईन. नाही प्यायले तर आपला नमस्कार. दुसरी टाकी भरेपर्यंत थांबायला तिच्याकडे रजा उरली नव्हती. म्हणजे चारातली एक निवडायची, ती भरायची, आणि ती पडली तर कारखान्याला कुलूप लावून पुन्हा गोळ्यांची तपासणी करायला जायचं.

“बाबा,” ती एका सकाळी माझ्या खुर्चीशी येऊन म्हणाली, “मला खरं सांगणारी माणसं हवीत.”

“आम्ही सगळे खरंच सांगतो की.”

“तुम्ही सगळे ‘छान’ सांगता. आई ‘बरी झालीय’ म्हणतात. तुमचा मुलगा ‘मस्त’ म्हणतो. परवा मी त्याला चुकून नळाचं पाणी दिलं, तेही मस्त म्हणाला.”

“आणि तू?”

“माझी जीभ आता बधिर झालीय. रोज तेच चाखून मला काही कळेनासं झालंय. तुम्ही परीक्षक होतात ना? मला गुण द्या. चारी बिअरना, शंभरपैकी. चार-पाच माणसं जमवा. जिला जास्त गुण, ती मी डोळे मिटून टाकीत भरते.”

मी परीक्षक होतो हे खरं. भूगोल शिकवला आणि परीक्षामंडळात उत्तरपत्रिकांची फेरतपासणी केली. गुण देण्याच्या शास्त्रात माझा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. एका मुलाने नकाशात नदी उगमाऐवजी मुखापासून सुरू करून डोंगरावर चढवली होती. इतर परीक्षकांनी शून्य दिलं. मी दोन दिले. एवढा चढ चढायचा म्हणजे काय खायचं काम आहे? असे दोन-दोन, तीन-तीन गुण मी हातचे राखून ठेवत असे आणि काठावर उभ्या असलेल्या पोरांना ते देऊन पलीकडे ओढून घेत असे. ग्रेस म्हणतात त्याला. काही परीक्षक ते नियमात बसतं म्हणून देत. मी मात्र ते स्वभावात बसतं म्हणून देत असे.

ते असो. सूनबाईंनी भरवसा टाकला आणि माझा जुना लाल पेन खिशात आपोआप सरळ झाला.

आता बिअर चाखायची म्हणजे एक टेबल, चार ग्लास, संपलं, असं कोणालाही वाटेल. पण शिस्त नावाची काही गोष्ट असते. घरात बसायची सोय नव्हती, कारण हिने सोफ्याची आवरणं नुकतीच धुतली होती आणि ती वाळेपर्यंत माणसांनी जमिनीवर बसावं असं तिचं धोरण होतं. म्हणून मी सोसायटीच्या सभागृहासाठी अर्ज केला. सेक्रेटरी दुसऱ्याच दिवशी अर्ज घेऊन दारात.

“काका, ‘बिअरची चव पाहणे’ असं लिहिलंय तुम्ही.”

“हो, तेच करायचंय.”

“सभागृहात मद्यपान चालत नाही.”

“पान नाही हो. चव.”

“तेच विचारतोय. चव कुठे संपते आणि पान कुठे सुरू होतं? नियमात नाही. उद्या कोणी अख्ख्या खोक्याची चव पाहिली तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?”

या प्रश्नावर कार्यकारिणीची खास बैठक झाली. पाणीगळतीवर झाली नव्हती इतकी गंभीर. शेवटी ठराव झाला की जे गिळलं ते पान आणि जे थुंकलं ती चव. त्यासाठी प्रत्येक परीक्षकाला सोसायटीतर्फे एकेक बादली देण्यात यावी. जिन्यात आगीसाठी वाळू भरून टांगलेल्या लाल बादल्या रिकाम्या करून आणण्यात आल्या. त्या काळात इमारतीत आग लागली असती तर आम्ही ती तोंडानेच विझवली असती. शिवाय निरीक्षक म्हणून सेक्रेटरींनी हजर राहायचं ठरलं, आणि काय निरीक्षण करायचं ते कळायला हवं म्हणून निरीक्षकालाही एक ग्लास द्यावा असं त्यांनीच सुचवलं. मी मान डोलावली.

दुसरे परीक्षक म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. माणूस इतका मृदू की दात काढताना दाताचीसुद्धा माफी मागतो. तिसरा हिचा धाकटा भाऊ. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला. डॉक्टरने ताप नाही म्हटलं तर त्याहून मोठ्या डॉक्टरकडे दाद मागणारा. घरात त्याला सगळे अपीलमामा म्हणतात आणि त्यावरही त्याची हरकत आहे. चौथा मी, अध्यक्ष.

ठरल्या दिवशी डॉक्टरांनी एक निळी बाटली आणली. “चव घ्यायची तर तोंड स्वच्छ हवं,” ते म्हणाले, “प्रत्येकाने दोन-दोन गुळण्या करा. शास्त्रशुद्ध होईल.” शास्त्र म्हटल्यावर कोण नाही म्हणेल. आम्ही ओळीने उभे राहून गुळण्या केल्या आणि मग गंभीर चेहऱ्याने चारी बिअरी एकामागून एक चाखल्या. चारींची चव टूथपेस्टची लागली. अपीलमामाच्या कागदावर चार वेळा ‘दात हलके वाटले’ असं निघालं. सेक्रेटरींनी ‘श्वासोच्छ्वासास उत्तम, सभासदांना शिफारस’ असा शेरा मारला. सूनबाईंनी ते कागद वाचले आणि घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवले.

पेपर रद्द झाला. फेरपरीक्षेला सभागृह मिळालं नाही. तिथे सकाळी व्यायामाला येणाऱ्या बायकांनी तक्रार केली की खोल श्वास घेतला की डोकं गरगरतं. आमचा मोर्चा मग बर्फाच्या कारखान्याकडे वळला.

रविवार दुपार. या वेळी कोरडा पाव, साधं पाणी, गुळण्या बंद. मी बाटल्यांवरचे कागद काढून नुसते क्रमांक चिकटवले. उत्तरपत्रिकेवर नाव असू नये, हा परीक्षेचा पहिला धडा. सगळं व्यवस्थित मांडून मी खुर्चीत बसलो आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या चारी उत्तरपत्रिका एकाच मुलीच्या आहेत आणि ती मुलगी आमच्यासमोर उभी राहून एकच ग्लास पुन्हा पुन्हा पुसते आहे.

“तू बाहेर जा,” मी म्हणालो.

ती गेली. पण त्या खोलीला एक उंचावरची खिडकी होती आणि खिडकीतून तिच्या डोक्याचा वरचा भाग इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या मारताना दिसत होता. मुलाखतीला आलेल्या माणसासारखा.

एक नंबरची बिअर फिकट आणि साधी. चाखली, बरी वाटली, तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही सापडेना. दोन नंबर कडू, पण मर्यादा पाळून. चार नंबरमध्ये संत्र्याच्या सालीचा वास होता आणि सेक्रेटरींनी तिच्या वेळी बादलीकडे पाठ केली. आणि तीन नंबर.

तीन नंबरबद्दल कसं सांगू. आधी धुराचा वास येतो. जव धुरावर वाळवलेले होते तिने. तो वास चांगलाच होता. पण त्याच्या मागून जे येतं ते असं की घर बदलताना एक पुठ्ठ्याचं खोकं गळक्या मोरीत राहून जावं, महिन्याभराने सापडावं, आणि कोणीतरी त्याचा एक कोपरा तुमच्या तोंडात घालून म्हणावं, चावा. मी थुंकलो. डॉक्टरही थुंकले, पण रुमालाआडून.

मी कागदावर तीस लिहिले. माझ्या हिशेबाने तेही सढळ होते. आणि वर पाहिलं, तर खिडकीतलं डोकं थांबलेलं. आतला आवाज ऐकत असावी. मग ते पुन्हा चालू लागलं, जरा हळू.

माझा लाल पेन माझ्या हातात नव्हता असं मी म्हणणार नाही, पण त्याने पुढे जे केलं ते माझ्याशी सल्लामसलत करून केलं नाही. रंगाचे दहा. धूर काढताना डोळ्यांतून पाणी आलं असेल, त्याचे दहा. बाटली सरळ उभी राहते याचे पाच. असं करत करत एकाहत्तर झाले. मला वाटलं, बाकीचे तिघं पाडणारच आहेत, माझ्या एकट्याच्या गुणांनी काय बिघडतंय? तळाशी राहील, पण अगदी गाळात तरी जाणार नाही.

बेरीज झाली. तीन नंबर पहिली आली.

तिघांच्याही कागदांवर तिला सत्तरीच्या पुढे गुण. मी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टर पावाकडे पाहू लागले. सेक्रेटरी चष्मा पुसत होते. अपीलमामा पहिल्यांदाच कुठल्या निकालावर काहीही न बोलता बसला होता. मग कळलं की चौघांनीही तोच विचार केला होता. प्रत्येकाला वाटलं की बाकीचे पाडणार, आपण जरा हात सैल सोडू. चार भले लोक एकत्र आले की एका वाईट बिअरला कसं पहिलं आणतात, याचा हा नमुना होता.

सूनबाई आत आली. निकाल ऐकला आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

“तीन?” ती म्हणाली. “खरंच? बाबा, तीच माझी आहे. बाकीच्या तिन्ही पुस्तकात बघून केल्यात. ही एकटी मी मनाने केली. मला भीती होती, तुम्ही हिलाच पाडाल म्हणून.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. चार म्हातारे, थंड खोलीत.

घरी आल्यावर मी गप्प होतो, ही बातमी हिने शेजारी दोन घरी सांगितली. विचार करत होतो. नदी डोंगरावर चढवणाऱ्या त्या मुलाचं पुढे काय झालं हे मला कधी कळलं नाही. परीक्षकाचं ते एक सुख असतं. गुण देऊन टाकायचे, गठ्ठा बांधायचा, पोरगं दिसेनासं होतं आणि आपण दयाळू राहतो. तो मुलगा पुढे कुठे पूल बांधायला गेला असेल तर त्या पुलाखालून मला जायचं नव्हतं. पण ही मुलगी माझ्याच घरात राहत होती. रोज सकाळी मला चहा विचारत होती, आणि गुरुवारी टाकी भरणार होती.

शेवटी मी हिला सगळं सांगितलं. “मग सांगा तिला,” ही म्हणाली.

“सांगतो.”

“तुम्ही सांगितलंत तर तिला पटणार नाही. बूच अजून खाली आलं नाही म्हणणारा माणूस तुम्ही.”

हा घाव मी मुकाट्याने सोसला आणि सूनबाईंना गाठलं. ती टाकी आतून धूत होती, कमरेपर्यंत आत वाकलेली. त्यामुळे मला टाकीशीच बोलावं लागलं.

“तीन नंबर मला बरी वाटली नाही,” मी म्हणालो.

टाकीतून आवाज आला, “कशी वाटली?”

“ओल्या पुठ्ठ्यासारखी.”

टाकी हसली. मग सूनबाई बाहेर आली, हसत हसतच. “बाबा, मागे माझ्या कॉफीला तुम्ही म्हणाला होतात की हिच्यात पेन्सिल उभी राहते.”

“राहिली होती.”

“कपाच्या कडेला टेकून. आणि पुठ्ठा होता तर एकाहत्तर कशाचे दिलेत?”

“ते… प्रोत्साहन म्हणून.”

“तुम्हाला माझं टेन्शन आलंय, म्हणून तुम्ही गंमत करताय,” असं म्हणून ती पुन्हा आत वाकली. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला दोन बोटं वाढवून सांगितलं, तर मोजून मापून सांगायच्या दिवशी लोक त्यातून दोन बोटं वजा करतात. इतकी साधी गोष्ट मला कोणी आधी का सांगितली नाही, कोण जाणे.

मी उरलेल्या तिघांना जिन्यात गाठलं. त्यांनी तिला खरं सांगावं, गुण मागे घ्यावेत.

“निकाल जाहीर झालाय,” सेक्रेटरी म्हणाले. “बदलायचा तर सभा. सभेला नोटीस. नोटिशीला मुदत. गुरुवार होऊन जाईल, काका.”

“मी तयार होतो हो,” अपीलमामा म्हणाला, “पण स्वतःच्याच निकालावर अपील करता येत नाही. ते वरच्याने करायचं असतं. तुमच्या वर कोण आहे?”

“तुझी बहीण.”

“मग मी यात पडत नाही.”

डॉक्टर जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. “मी जन्मभर पेशंटला ‘दुखणार नाही’ असंच सांगत आलो,” ते म्हणाले. “दुखतं, हे मला माहीत असतं. त्यालाही माहीत असतं. पण आता या वयात ‘दुखेल’ म्हणायला मला कसं जमेल?” मलाही कुठे जमलं होतं.

तेव्हा मी माझ्या भात्यातला एकच बाण काढला, तो म्हणजे थाप. बुधवारी जेवताना मी सूनबाईंना सहज सांगितलं की परीक्षामंडळात एक जुनी प्रथा होती. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचा पेपर सगळ्या परीक्षकांनी उभं राहून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचा. त्याशिवाय निकाल पक्का होत नसे. बिअरच्या बाबतीत म्हणजे प्रत्येकाने तीन नंबरचा एक अख्खा ग्लास तिच्यासमोर संपवायचा. बादली नाही. अशी कुठलीही प्रथा कुठल्याही मंडळात नव्हती. ही ताटात बघत राहिली आणि, तिचे उपकार मानले पाहिजेत, काही बोलली नाही. सूनबाईंना कल्पना इतकी आवडली की तिने सगळ्यांना स्वतः बोलावणं केलं. खरं सांगितलं तेव्हा हसली आणि थाप मारली तेव्हा पटली. याचा मला राग यायला हवा होता, पण वेळ नव्हता.

गुरुवारी सकाळी आम्ही चौघं टाकीसमोर रांगेत उभे राहिलो. हातात उंच ग्लास, काठोकाठ. सूनबाई समोर, हाताची घडी घालून, डोळ्यांत कौतुक. मी सुरुवात केली, कारण अध्यक्ष होतो.

चमचाभर बिअरबद्दल माणूस खोटं बोलू शकतो. ग्लासभर बिअर पिताना खोटं बोलायला तोंड मोकळं राहत नाही. दुसऱ्या घोटाला सेक्रेटरींना आठवलं की पाण्याचा पंप बंद करायचा राहिला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, एक दाढ वाट पाहत असल्याचं सांगितलं आणि ग्लास खाली ठेवला, इतका हळू की त्याला इजा होऊ नये. अपीलमामाने अर्धा संपवून स्थगिती मागितली. मी पित राहिलो. मला आठवतं त्याप्रमाणे माझ्या कानांतून पुठ्ठ्याचा भुसा बाहेर येत होता, पण ते सोडा.

सूनबाईंची हाताची घडी सुटली. “डॉक्टरकाका, काय झालं?”

“काही नाही, पोरी. उत्तमच आहे. फक्त… आमच्याकडे चूळ भरायला कागदी पेले असतात ना. तो पेला भिजून मऊ झाला, की त्याची कड ओठाला लागते तेव्हा…”

“आणि तुम्हाला?” तिने सेक्रेटरींना विचारलं.

“नोटीस बोर्डाची मागची बाजू,” सेक्रेटरी खाली बघत म्हणाले. “गळतीनंतरची.”

“तुम्ही ती चाखलीय?” अपीलमामाने विचारलं.

“वासावरून अंदाज.”

ती माझ्याकडे वळली नाही. मी आधीच सांगितलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर आलेलं मी पाहिलं आणि त्याचा आनंद मला झाला नाही. तिने माझ्या हातातला ग्लास घेतला. नाकाशी धरला. डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. मग ग्लास ठेवला आणि टाकीच्या मागे गेली.

तिकडून पान्याचा आवाज येत राहिला. परत आली तेव्हा तिच्या तळहातावर रबराची एक काळी चकती होती, एका बाजूने तडकलेली.

“पुठ्ठ्याचा वास म्हणजे तयार बिअरला हवा लागलीय,” ती म्हणाली. “तीन नंबर मी या नव्या पाइपमधून बाटल्यांत भरली होती. बाकीच्या तिन्ही जुन्या पाइपमधून. नव्या पाइपच्या सांध्यातून आत हवा जात होती.” तिने चकती उलटीसुलटी केली. “टाकीला हाच पाइप लावलाय. आज मी कुठलीही भरली असती, एक, दोन, चार, कुठलीही, तरी हॉटेलात पोचेपर्यंत तिचा पुठ्ठाच झाला असता.”

मग ती उपड्या क्रेटवर बसली आणि एकदम लहान दिसू लागली. आमच्यापैकी कोणाला बसावंसं वाटेना.

“रविवारी का नाही सांगितलंत?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं.

कोणीतरी बोलणं भाग होतं.

“खिडकीतून तुझं डोकं दिसत होतं,” मी म्हणालो. “फेऱ्या मारताना.”

“मग?”

“मग काही नाही. एवढंच.”

“बाबा,” ती म्हणाली, “पाडलं असतंत तर मी पुन्हा बसले असते. पास केलंत, म्हणून बुडाले असते.”

मी इतकी वर्षं गुण दिले. त्यावर चर्चा केली, भांडलो, परिपत्रकं वाचली. परीक्षेला बसणाऱ्याच्या बाजूने हे कसं दिसतं ते मला कोणी एका वाक्यात सांगितलं नव्हतं. मला त्या क्षणी काहीतरी विनोदी बोलायचं होतं. सुचलं नाही. ही घटना इतकी दुर्मीळ की अपीलमामाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

चकती बदलायला दुपार गेली. नंतर तिने आम्हाला विचारलंच नाही कुठली भरू म्हणून. एक नंबरची भरली.

“ती साधीच आहे ना?” मी भीत भीत म्हणालो. “तिच्याबद्दल काही बोलण्यासारखंच नाही.”

“म्हणूनच. तीन नंबरमध्ये धूर आहे, चारमध्ये संत्रं आहे. त्यांच्या मागे चूक लपते. हिच्या मागे काही लपत नाही. माझं काही चुकलं तर पहिल्या घोटाला कळेल.”

“आणि नाही आवडली लोकांना तर?”

“तर गोळ्या तपासायला जाईन. पण का नाही आवडली ते मला कळलेलं असेल.”

टाकी पिकायला ठेवली, पिंपं भरली, हॉटेलात गेली. नंतर जे दिवस गेले त्यांत घरात बिअरबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. चिरंजीवांनी एकदा जेवताना सवयीने ‘मस्त’ म्हटलं आणि सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो शब्द भाजीला होता असा खुलासा केला. सूनबाईंच्या साहेबांचा फोन आला, परत कधी येतेस म्हणून. ती म्हणाली, सोमवारी सांगते.

शनिवारी ती हॉटेलवाल्याकडे निघाली. मी बरोबर गेलो. पिंपं उचलायला, असं मी सांगितलं. माझ्या कमरेची अवस्था पाहता ते कोणाला खरं वाटलं नसावं.

हॉटेलवाला गल्ल्यामागे बसून कांद्याच्या पोत्याची पावती तपासत होता. बोलण्यात काटकसर करणारा माणूस. मान वर न करता म्हणाला, “मागच्या दाराशी ठेवलीत पिंपं. रिकामी आहेत. घेऊन जा.”

“लोक काय म्हणाले?” सूनबाईंनी विचारलं.

“काही नाही म्हणाले. प्यायले.”

“पण कशी होती?”

आता त्याने मान वर केली. त्याला हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नसावं. तो विचार करू लागला आणि मी माझ्या खिशातलं सगळं बळ एकवटून त्याला मनातल्या मनात गुण पाठवू लागलो. नव्वद. पंचाण्णव.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “शेवटाला जरा पाणचट लागते. पुढची टाकी कधी देता?”

ठीक. आमच्या सुनेच्या वर्षाला, त्या गारठ्याला, त्या चकतीला, ठीक. माझं रक्त कानापर्यंत चढलं. मी पुढे सरसावून त्याला सांगणार होतो की ही बिअर प्यायल्यावर शेजारच्या इमारतीतला एक आंधळा माणूस वर्तमानपत्र वाचू लागला. सूनबाईंनी माझं मनगट धरलं.

“पाणचट म्हणजे गिळताना की गिळल्यावर?” तिने त्याला विचारलं.

त्याने पुन्हा विचार केला. “गिळल्यावर.”

“पुढच्या महिन्यात देते,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर ढकलगाडीत रिकामी पिंपं खडखडत होती आणि ती ‘गिळल्यावर, गिळल्यावर’ असं स्वतःशी पुटपुटत होती. भाचीचं बारसं ठरल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता. कोपऱ्यावर थांबून तिने साहेबांना फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. सोमवारचीही वाट पाहिली नाही. फोन ठेवून म्हणाली, “बाबा, तुम्हालाही ती शेवटाला पाणचट वाटली होती का?”

वाटली होती. किंचित. मी जिभेवर आलेली निदान तीन विशेषणं परत गिळली.

“हो,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि गाडी ढकलू लागली. पुढचा सगळा रस्ता मी एक शब्दही वाढवून बोललो नाही. माझ्या बाजूने हा फार मोठा त्याग होता, आणि त्याची दखल कोणीही घेतली नाही.